एक पेशी, दोन वेगळ्या लेकी: मूलपेशीचं असममित विभाजन पायरी-पायरीने

गोव्यात फोंड्याजवळच्या एका उच्च माध्यमिक शाळेत मी जीवशास्त्र शिकवते. अकरावीला पेशीविभाजन शिकवून झालं की दर वर्षी कोणीतरी हात वर करतं: "टीचर, विभाजन होताना दोन्ही पेशींना सारखीच गुणसूत्रं मिळतात ना? मग मूलपेशीपासून दोन वेगळ्या पेशी कशा होतात?"

या मुलांना प्रश्न अगदी नेमका सुचलेला असतो. पुस्तकात मात्र एका ओळीत उत्तर येतं की मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, स्वतःसारखी एक आणि वेगळी एक अशा दोन पेशी तयार करते. कशी करते ते राहून जातं. मग मुलं आपल्या परीने अंदाज बांधतात की ती एकीला अर्धे जीन देत असेल आणि दुसरीला उरलेले अर्धे. हा अंदाज चुकीचा आहे. एकदा डोक्यात बसला की तो निघता निघत नाही, म्हणून तो बसायच्या आधीच हा लेख वाचायला द्या. जीन दोघींनाही पूर्ण आणि सारखेच मिळतात. फरक पडतो तो दोन गोष्टींमुळे: काप जाण्याआधी पेशीत काय कुठे ठेवलं होतं, आणि काप कुठल्या दिशेने गेला.

याचसाठी मी स्वयंपाकघरातून सुरुवात करते. लागणारं सामान असं: लिंबाएवढे कणकेचे तीन-चार गोळे, हळद, शिवणाचा दोरा आणि माडाच्या झावळीचे दोन-तीन हीर. पुढच्या भागासाठी मुळ्याचं आणि मक्याचं ताजं पान, रंग नसलेलं नेलपॉलिश, पारदर्शक चिकटपट्टी, काचपट्ट्या, शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक आणि चिमूटभर यीस्ट.

मूलपेशीपुढची अडचण

आपल्या शरीरात दर सेकंदाला साधारण २० लाख तांबड्या पेशी नव्याने तयार होतात, कारण प्रत्येकीचं आयुष्य जेमतेम १२० दिवसांचं. आतड्याचं आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं. हा पुरवठा जन्मभर चालू ठेवायचा तर मूलपेशींचा साठा संपूनही चालत नाही आणि वाढत सुटूनही चालत नाही.

आमच्याकडे भाताचं बियाणं मुडीत बांधून ठेवायची रीत होती. कापणी कितीही कमी आली तरी पुढच्या पावसासाठीची मुडी कोणी सोडत नसे. सगळं भात कांडून खाल्लं तर जूनमध्ये पेरायला काही उरत नाही, आणि सगळंच बियाणं म्हणून राखलं तर घर उपाशी राहतं. मूलपेशीचा हिशेब असाच आहे. दर वेळी दोन्ही लेकी मूलपेशीच झाल्या, तर दहा फेऱ्यांत एकीच्या १,०२४ होतील आणि कामाला एकही मिळणार नाही. दोन्ही कामाला लागल्या, तर पहिल्याच फेरीत साठा संपेल. एक लेक मुडीत आणि एक हंडीत, ही वाटणी एकाच विभाजनात साधणं म्हणजेच असममित विभाजन.

कणकेचा गोळा, हळद आणि हीर

गोळा हातावर गुळगुळीत करा आणि त्याचं एक टोक हळदीत बुडवा. गोळा म्हणजे मूलपेशी. हळद म्हणजे 'तू वेगळी हो' असं सांगणारी प्रथिनं. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारी चाती, म्हणजे स्पिंडल, दाखवायला हीर घ्या.

पहिल्या गोळ्यात हीर हळदीच्या टोकातून घालून समोरच्या टोकापर्यंत न्या. प्राणिपेशीत काप चातीच्या मधोमध आणि चातीला काटकोनात जातो, हा नियम पक्का लक्षात ठेवा. हिराची दिशा लक्षात घेऊन तो बाहेर काढा (आत राहिला तर दोरा त्याच्यावर अडतो), आणि दोरा गोळ्याभोवती गुंडाळून मधोमध ओढा. एक भाग पिवळ्या टोकाचा, दुसरा पांढरा.

दुसऱ्या गोळ्यालाही तितकीच हळद लावा, पण हीर आडवा घाला, म्हणजे हळदीचं टोक त्याच्या बाजूला येईल. तसाच मधोमध काप घ्या. आता दोन्ही भागांवर अर्धी-अर्धी हळद दिसते आणि दोन्ही सारखे असतात. इथे मी थांबते, आणि वर्गात नेहमी थोडा वेळ शांतता पसरते. कणीक तीच होती, हळद तितकीच होती. दिशा तेवढी बदलली, आणि असममित विभाजनाचं सममित विभाजन झालं.

तिसऱ्या गोळ्यात आखूड हीर हळदीच्या टोकाकडे सरकवून घाला आणि त्या हिराच्या मध्यावर कापा. पिवळा भाग लहान येतो, पांढरा मोठा. खऱ्या पेशीतही कित्येकदा असंच होतं. दोन लेकी नशिबाने वेगळ्या असतात तशा आकारानेही वेगळ्या असतात.

हळद मी उगाच निवडलेली नाही. १९०५ मध्ये एडविन कॉन्क्लिन यांनी सी स्क्वर्ट या समुद्री प्राण्याच्या गर्भाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा प्राणी जेटीच्या खांबांना आणि होड्यांच्या तळाला चिकटून राहतो. त्याच्या एका जातीच्या फलित अंड्यात पेशीद्रवाचा एक भाग निसर्गतःच पिवळा असतो. ती पिवळी कोर विभाजनागणिक ठराविक पेशींतच जाते आणि त्याच पेशी पुढे शेपटीचे स्नायू होतात, हे कॉन्क्लिन यांना कुठलाही रंग न घालता सूक्ष्मदर्शकातून दिसलं. स्नायू घडवतो तो पिवळा रंग नव्हे. रंग ही त्या जागेची खूण झाली. स्नायू घडवणारा खरा घटक जपानी संशोधकांनी २००१ मध्ये ओळखला. माचो-१ नावाच्या जीनचा संदेश-आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जीनवरून उतरवलेली प्रत, अंड्यात आधीच त्या भागात ठेवलेला असतो.

माशीच्या मेंदूत काय घडतं

आंब्या-फणसाच्या दिवसांत पिकल्या फळांवर घोंगावणाऱ्या बारीक चिलटांमध्ये ड्रोसोफिला असते. असममित विभाजनाबद्दल आपल्याला जे बारकाईने माहीत आहे, त्याचा मोठा भाग याच माशीच्या मेंदूतल्या मूलपेशीवरून, न्यूरोब्लास्टवरून, कळला आहे. हा भाग सावकाश वाचा. इथे घाई केली की नावांच्या गर्दीत मुद्दा हरवतो.

पायरी पहिली: वर आणि खाली ठरवणं. विभाजनाआधी न्यूरोब्लास्टच्या वरच्या टोकाला बझूका, पार-६ आणि एपीकेसी ही तीन प्रथिनं एकत्र जमतात. पेशीला आता डोकं आणि पाय आहेत. पार जीनचा शोध मुळात १९८८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत लागला. माशीत आणि आपल्यातही त्याच घराण्यातली प्रथिनं हेच काम करतात.

पायरी दुसरी: सामान एका टोकाला लावणं. वेगळ्या लेकीसाठीचं सामान म्हणजे नम्ब, प्रॉस्पेरो आणि ब्रॅट ही प्रथिनं. प्रॉस्पेरो आणि ब्रॅट एकटी जात नाहीत, मिरांडा नावाचं प्रथिन त्यांना धरून ठेवतं. ही खालच्या टोकाला जमतात कशी? खालून कोणी त्यांना ओढत असेल असं वाटतं, पण घडतं उलटं. वरच्या टोकाला बसलेला एपीकेसी हा एक एन्झाइम आहे. नम्ब आणि मिरांडा त्याच्या आवाक्यात आली की तो त्यांना फॉस्फेट चिकटवतो, आणि मग त्यांची पेशीपटलावरची पकड सुटते. वर थारा नाही म्हणून ती खाली उरतात. विद्यार्थी हा भाग हमखास उलटा लिहितात. त्यांना सांगा की ही बोलावण्याची नव्हे, हाकलण्याची गोष्ट आहे.

पायरी तिसरी: चाती उभी करणं. कणकेत हीर आपण घातला, पेशीत तो कोण उभा करतो? इन्स्क्युटेबल नावाचं प्रथिन वरच्या टोकाच्या मंडळींना पिन्स आणि मड या प्रथिनांशी जोडतं. मड चातीच्या टोकाकडचे तंतू पकडणाऱ्या डायनीन या मोटर-प्रथिनाला तिथे बांधून ठेवतं आणि डायनीन तंतू ओढतं. त्यामुळे चाती वर-खाली अशीच उभी राहते. ज्या प्रथिनांनी सामान कुठे जाईल ते ठरवलं, चातीची दिशाही तीच ठरवतात. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळतात त्या याच कारणाने, योगायोगाने नव्हे.

पायरी चौथी: काप. वरची लेक मोठी असते आणि न्यूरोब्लास्टच राहते. खालची लहान असते आणि सगळं सामान तिच्याकडे जातं.

पायरी पाचवी: सामान कामाला लागतं. लहान लेकीत मिरांडाची पकड सुटते आणि प्रॉस्पेरो केंद्रकात शिरतं. मूलपेशीपण टिकवणारे जीन ते बंद करतं आणि चेतापेशी घडवणारे चालू करतं. नम्ब दुसरं काम करतं: शेजारच्या पेशींकडून येणारा नॉच नावाचा संदेश ते दाबून टाकतं. ही लहान पेशी पुढे एकदाच विभाजते आणि तिच्या दोन लेकी चेतापेशी किंवा त्यांच्या आधारपेशी होतात. गुणसूत्रं दोन्हीकडे सारखीच आहेत, बदललं ते त्यातलं काय वाचलं जातंय तेवढंच.

नम्बचं नाव मुलांना लगेच आठवतं, कारण इंग्रजीत त्याचा अर्थ बधिर. हा जीन बिघडला की माशीच्या त्वचेवरच्या संवेदनांगात चेतापेशीच्या जागी बाहेरच्या आधारपेशी होतात आणि माशीला स्पर्श कळत नाही. १९९४ मध्ये हेच प्रथिन विभाजनाच्या वेळी पेशीच्या एका बाजूला गोळा होऊन एकाच लेकीत जाताना दिसलं, आणि इतकी वर्षं तर्काने मानलेली गोष्ट डोळ्यांपुढे आली.

या पायऱ्या पाठ करायच्या म्हणून मी सांगत नाही. त्या चुकल्या की काय होतं ते पाहिलं म्हणजे त्यांचं मोल कळतं. ब्रॅट किंवा प्रॉस्पेरो नसेल, तर लहान लेक कामाला लागत नाही, ती पुन्हा मूलपेशीसारखी विभाजत राहते. २००५ मध्ये संशोधकांनी अशा बिघडलेल्या अळीच्या मेंदूचे तुकडे प्रौढ माश्यांच्या पोटात बसवले, तेव्हा तिथे गाठी वाढल्या आणि दूरवर पसरल्या. वाटणी चुकली आणि गाठ झाली. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्यांना या विभाजनात एवढा रस का, ते इथे समजतं.

शेजारही लेकीचं नशीब ठरवतो

आतापर्यंत सांगितलेला रस्ता आतल्या सामानाचा. दुसरा रस्ता जागेचा आहे. १९७८ मध्ये रे स्कोफिल्ड यांनी रक्ताच्या मूलपेशींबद्दल असं मांडलं की मूलपेशी मूलपेशी राहते ती तिच्या आसपासच्या पेशींमुळे. त्या आश्रयाच्या जागेला त्यांनी निश हे नाव दिलं. आपण तिला कोनाडा म्हणू.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण नर माशीच्या वृषणात सापडतं. टोकाला काही पेशींचा घट्ट पुंजका असतो आणि मूलपेशी त्याला चिकटून त्याच्याभोवती बसलेल्या असतात. पुंजका एक संदेश सोडतो, पण तो जेमतेम शेजारच्या पेशीपर्यंत पोचतो. मूलपेशीची चाती पुंजक्याला काटकोनात उभी राहते. त्यामुळे एक लेक पुंजक्याला चिकटून राहते, दुसरी एक पेशी दूर पडते. संदेश तिला मिळत नाही आणि ती शुक्राणू होण्याच्या वाटेला लागते. सामानाची वाटणी झाली नाही तरी लेकी वेगळ्या होतात. चाती मात्र इथेही नेमकी उभी राहावी लागते, म्हणून कणकेचा दुसरा गोळा विसरू नका.

आणि उत्तरपत्रिकेत 'प्रत्येक मूलपेशी नेहमी असममितच विभाजते' असं कधीही लिहू नका. उंदराच्या आतड्यातल्या मूलपेशींवर २०१० मध्ये आलेल्या कामातून दिसलं की तिथे बहुतेक विभाजनं सममित असतात. कोनाड्यात जागा मोजकी असते, एकीच्या दोन झाल्या की दुसरी कोणीतरी बाहेर ढकलली जाते. एकेका पेशीचा हिशेब जुळत नाही, पण सगळ्या मिळून साठा तेवढाच राहतो. गाव म्हणून मुडी राखली जाते, प्रत्येक घराने राखलीच पाहिजे असं नाही.

पानावर उमटलेली खूण

माशीचा मेंदू शाळेत दाखवता येत नाही. कांद्याच्या मुळाचं टोक सगळ्या शाळांत दाखवतात, पण या विषयासाठी ते निरुपयोगी आहे: तिथली बहुतेक विभाजनं सममित असतात, आणि पेशी दाबून पसरवताना दिशा हरवते ती वेगळीच. मीही काही वर्षं तेच दाखवत होते. आता पान दाखवते, कारण पानावरचं प्रत्येक पर्णरंध्र, म्हणजे हवेची ये-जा होणारं बारीक भोक, असममित विभाजनातूनच आलेलं असतं आणि त्याची खूण शेवटपर्यंत राहते.

हिवाळ्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांबडी भाजी आणि मुळ्याच्या जुड्या येतात. मुळ्याचं ताजं पान धुऊन पुसून घ्या. खालच्या बाजूला, शिरा टाळून, नेलपॉलिशचा पातळ थर द्या. कोरड्या हवेत दहा-पंधरा मिनिटांत तो सुकतो. पावसाळ्यात आपल्याकडे पंख्याखाली अर्धा तास ठेवावा लागतो, आणि ओला असताना ओढला तर ठसा फाटतोच. सुकला की चिकटपट्टी घट्ट दाबून हळूच उचला, काचपट्टीवर चिकटवा, आधी १०च्या आणि मग ४०च्या वस्तुभिंगाखाली पाहा. फोल्डस्कोप, म्हणजे कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक, असेल तर त्याच्या साधारण १४० पट वर्धनातही रंध्रं दिसतात.

प्रत्येक रंध्राभोवती तीन पेशी शोधा. त्यातली एक बाकी दोघींपेक्षा स्पष्टच लहान असते. मोहरी, मुळा, कोबी या कुळाची ही ओळखच आहे. याच कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत हे कसं घडतं ते तपशिलाने कळलं आहे. कोवळ्या पानात एक पेशी असमान विभाजते. लहान लेक मूलपेशीसारखी वागते, पुन्हा एक ते तीन वेळा असमान विभाजते आणि दर वेळी काप थोडा वळवून घेते. त्यामुळे तिच्याभोवती गोगलगाईच्या शंखासारखी आत वळत जाणारी पेशींची रांग तयार होते. शेवटी ती मधली पेशी एकदा सममित विभाजते आणि रंध्राची उघडझाप करणाऱ्या दोन रक्षक पेशी होतात. २००९ मध्ये सापडलेलं बेसल नावाचं प्रथिन लहान लेक जिथे होणार त्याच्या विरुद्ध कडेला जमतं आणि मोठ्या लेकीकडे जातं. ते नसेल तर रंध्रं एकमेकांना चिकटून गुच्छाने येतात. तुमच्या ठशात ५० रंध्रं मोजा आणि किती एकमेकांना थेट चिकटलेली आहेत ते लिहा. निरोगी पानात ती जवळजवळ नसतातच, दोन रंध्रांत निदान एक पेशी असते.

मग मक्याचं पान घ्या. इथे रंध्रं ओळीत असतात. एकाच ओळीत रंध्र, मग लांब पेशी, पुन्हा रंध्र असा क्रम दिसतो. ओळीतली पेशी असमान विभाजली, पानाच्या टोकाकडची लहान लेक रंध्राच्या वाटेला लागली आणि मोठी लेक लांब पेशी झाली. डंबेलसारख्या दोन रक्षक पेशींच्या दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोणी पेशी शोधा. त्या शेजारच्या ओळींतून आल्या आहेत. शेजारणीचं केंद्रक रंध्राच्या बाजूला सरकतं आणि मग ती पेशी असमान विभाजून तेवढा तुकडा देते. शेजाऱ्यावरून दिशा ठरणं वृषणात वाचलं होतं, इथे तेच डोळ्यांनी दिसतं.

चित्र काढताना चार चौकटी पुरतात: टोकं ठरलेली पेशी, एका टोकाला सामान, सामानाच्या रेषेत चाती, दोन असमान लेकी. गुणसूत्रं मात्र चारही चौकटींत काढा, आणि शेवटच्या चौकटीत दोन्हीकडे सारखीच.

शेवटी यीस्ट

यीस्ट एकपेशीय असतं, त्यात मूलपेशी नसतात. पण जिवंत पेशीत आई आणि लेक वेगळ्या होताना पाहायच्या तर शाळेत यापेक्षा सोपं काही नाही. आमच्याकडे सांनांच्या, म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या वड्यांच्या, पिठात रेंदेराने माडावर चढून काढलेली सूर, म्हणजे ताडी, घालत, ती पीठ फुगवते ती तिच्यातल्या यीस्टमुळेच. वर्गासाठी बेकरीचं सुकं यीस्ट घ्या. कपभर कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चिमूटभर यीस्ट घालून अर्धा तास ठेवा. मग एक थेंब काचपट्टीवर घ्या, वर कव्हरस्लिप ठेवा आणि ४०च्या भिंगाखाली पाहा. मोठ्या पेशीच्या अंगाला लहान कळी दिसेल. मोठी ती आई.

आईचं आयुष्य मोजकं असतं. ती साधारण २० ते ३० लेकी देते आणि थांबते. लेक मात्र आपलं आयुष्य शून्यापासून सुरू करते. कळी वाढत असतानाच आई ॲश-१ या जीनचा संदेश-आरएनए तंतूंच्या वाटेने, मोटर-प्रथिनाच्या पाठीवर घालून, कळीच्या टोकाला पोचवते, म्हणजे ते प्रथिन लेकीतच तयार होतं. हळद टोकाला लावणं ते हेच.

कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद करा, म्हणजे थेंब सुकणार नाही. एक कळी निवडा, तिची जागा आणि घड्याळातली वेळ वहीत लिहा, आणि दर वीस मिनिटांनी तीच पेशी पुन्हा शोधून चित्र काढा. खोली उबदार असेल तर साधारण दीड-दोन तासांत कळी पुरी वाढलेली मिळेल, आणि आईच्या अंगावर दुसऱ्या जागी नवी कळी फुटायला लागलेली असेल.